रविवारची रांग आणि पंचेचाळीस मिनिटांची पाटी

पत्र

ताई, नमस्कार.

खानापूर रोडला आमचं बारा टेबलांचं जेवणाचं हॉटेल आहे. आप्पांनी सुरू केलं, आता मी बघतो. आप्पा अजून गल्ल्यावर बसतात. इतर दिवशी गर्दी बेताची असते. रविवारी दुपारी साडेबारा ते तीन मात्र बाहेर रांग लागते. गोव्याकडच्या गाड्या, चंदगड-खानापूरकडनं दवाखान्याला आलेले लोक, गावातली नेहमीची गिऱ्हाइकं. आत चार-पाच टेबलांवर हात धुऊन झालेली मंडळी गप्पा मारत बसलेली असतात आणि बाहेर कडेवर पोरं घेतलेले लोक उन्हात उभे असतात. काही जण कंटाळून निघून जातात. एका टेबलाला सरासरी सव्वा तास तरी जातो. संध्याकाळी वेगळीच तऱ्हा. कॉलेजची पोरं एका चहावर दोन-दोन तास बसतात, वर मोबाइल आमच्याच प्लगला.

पुण्यातला मित्र म्हणाला, सरळ पाटी लाव: 'कृपया ४५ मिनिटांत टेबल मोकळे करावे.' आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताटावरनं माणूस उठवायचा धंदा मी केला नाही. पाटी लागली तर मी गल्ल्यावर बसणार नाही." हा वाद चालू असतानाच एका रविवारी आमच्या वेटरने एका वयस्क जोडप्यापुढे, त्यांनी मागितलेलं नसताना, बिल नेऊन ठेवलं. काका काही बोलले नाहीत. पैसे दिले आणि उठले. आप्पांच्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचं गिऱ्हाईक. त्यानंतर ते आलेले नाहीत.

वेळ ठरवणं चूक आहे का? ठरवायची तर किती? आणि आप्पांशी कसं बोलू?

— गल्ल्यामागचा, बेळगाव

उत्तर

भाऊ, वेळ ठरवायला माझी हरकत नाही. पंचेचाळीस मिनिटांना आहे, पाटीला आहे, आणि हा नियम आठवडाभर लावायचा विचार असेल तर त्याला फारच आहे.

पण आधी त्या काकांचं. तुम्ही ते पत्रात जाता जाता लिहिलंय, मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. काकांना वेळेचा राग आलेला नसणार. त्यांना टेबलावर बसवताना कुणी काही बोललं नव्हतं. बसल्यावर, तेही रांगेच्या देखत, कळवलं गेलं. दारात सांगितलेली अट माणूस ऐकून घेतो, पटली तर बसतो, नाही तर पुढच्या हॉटेलात जातो. तीच अट ताटापाशी नेली की अपमान होतो. न मागता ठेवलेल्या बिलाचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, 'उठा आता.' तेव्हा आप्पांना न पाठवता तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन या. वेटरला सोबत नेऊ नका आणि 'पोरगं चुकलं' असंही म्हणू नका. त्या पोराने तुमच्या कपाळावरची आठी बघूनच ते केलं, हे काकांनाही कळतं. कुंद्याचा डबा न्यावासा वाटेल, तोही नेऊ नका. मिठाई दिली की ती भरपाई दिल्यासारखी दिसते. नुसतं जा, बोला, चहा घ्या आणि या.

आता हिशेबाकडे येऊ. तुमचेच आकडे घेते. साडेबारा ते तीन म्हणजे १५० मिनिटं. एका टेबलाला सव्वा तास जात असेल तर प्रत्येक टेबलावर दोनच पाळ्या होतात, बारा टेबलांवर चोवीस कुटुंबं जेवतात. हाच वेळ पन्नास मिनिटांवर आला तर तीन पाळ्या, छत्तीस कुटुंबं. बारा कुटुंबांचा फरक आहे, म्हणजे बाहेर उभी असलेली जवळजवळ सगळी रांग आत आली. त्यामुळे तुमची तगमग मला कळते. कॉर्नेल विद्यापीठातल्या शेरिल काइम्स यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली विमान कंपन्यांची रीत हॉटेलांना लावून दाखवली, तिचं सारही हेच होतं: दिवसाचा गल्ला मोजून भागत नाही, एक खुर्ची एका तासात किती कमावते ते बघा. विमान उडालं की रिकामी सीट विकता येत नाही, तसा रविवारचा दुपारी एकचा तास तुम्हाला सोमवारी विकता येत नाही.

मात्र ती पंचवीस मिनिटं गिऱ्हाइकाच्याच खिशातनं काढायची, असं तुम्ही आणि तुमच्या पुण्याच्या मित्राने धरून चालला आहात. तिथे मी थांबेन.

मध्यंतरी शहापूरकडच्या एका खानावळीत रविवारी जेवायला गेले होते. शेजारच्या टेबलावर चौघं, बहुतेक बाजाराला आलेले. ताटं आली, भाकरी गरम होती, झुणका, उसळ, कांदा, सगळं जागच्या जागी. पहिली भाकरी चौघांनी गप्पा न मारता संपवली. मग दुसऱ्या भाकरीची हाक गेली. वाढपी पोरगा आत गेला, रिकाम्या हाताने परत आला, 'येतीया' म्हणाला. चौघांचे हात ताटात, उसळीवर साय धरायला लागलेली. त्यातल्या एकाने उगीच कांद्याच्या पाकळ्या सुट्या करायला घेतल्या. अशा वेळी माणूस काय करणार? बोलायला लागतो. ऊस कारखान्याचं बिल, पोरीचं लग्न, कुणाची तरी जमीन. भाकरी आली तेव्हा गप्पा ऐन रंगात होत्या आणि मग भाकरीच त्यांच्यासाठी थांबली. मी मान वाकवून आत बघितलं. एकटी मावशी परातीपुढे बसलेली, एक भाकरी थापत होती, एक तव्यावर, एक निखाऱ्यावर फुगत होती, आणि बाहेर चाळीसभर माणसं तिच्या हाताकडे डोळे लावून बसली होती. त्या हॉटेलात कुठलं टेबल कधी उठणार हे गल्ल्यावरचा मालक ठरवत नव्हता, ती मावशी ठरवत होती.

तुमच्याकडेही असंच असेल असं मी छातीठोक म्हणत नाही. पण येत्या रविवारी एवढं करा. एक वही घ्या. प्रत्येक टेबलापुढे पाच वेळा लिहा: माणसं बसली कधी, ताट आलं कधी, हात धुतले कधी, बिल मागितलं कधी, उठले कधी. कुणाला काही बोलू नका, घाई करू नका, नुसतं लिहा. रात्री आप्पांसोबत बसून ती वही वाचा. हात धुतल्यापासून उठेपर्यंतचा वेळ म्हणजे गिऱ्हाइकाचा रेंगाळण्याचा वेळ. बसल्यापासून ताट येईपर्यंतचा वेळ तुमचा. बिल मागितल्यापासून सुटे परत मिळेपर्यंतचा वेळही तुमचाच. आणि ताट आल्यापासून हात धुईपर्यंतच्या वेळात किती वेळा माणूस हात ताटात ठेवून नुसता बसला, हे नीट बघाल तर तोही बराचसा तुमचाच निघेल. मला वाटतं, पंचवीसपैकी पंधरा मिनिटं तुम्हाला तुमच्याच भटारखान्यात आणि गल्ल्यावर सापडतील. रविवारच्या तीन तासांपुरती भाकरी थापायला दुसरी मावशी ठेवली तर तिचा पगार बारातल्या दोन-तीन कुटुंबांच्या ताटांत निघतो. बिलाचंही तसंच. गर्दीच्या वेळी आप्पा एकीकडे पार्सलचे पैसे घेतात, एकीकडे टेबलांची बिलं लिहितात, त्यात कुणी पाचशेची नोट पुढे केली की सगळं थटतं. क्यूआर कोड फक्त गल्ल्यावर चिकटवलेला असेल तर माणसाला पैसे द्यायलाही रांगेत उभं राहावं लागतं. टेबलाटेबलावर कोड ठेवा, पार्सलला रविवारपुरता वेगळा माणूस द्या. यात कुणाचा अपमान नाही, आप्पांचीही हरकत असणार नाही.

आणखी एक गोष्ट मोजा, जी सहसा कुणी मोजत नाही. चार खुर्च्यांच्या टेबलावर दोन माणसं किती वेळा बसली? तुमची बारा टेबलं भरलेली असताना अठ्ठेचाळीस खुर्च्या भरलेल्या नसतात. बेंगळुरूला लालबाग रोडवर १९२४ सालापासून चालत आलेलं एमटीआर नावाचं हॉटेल आहे. तिथे गर्दीच्या वेळी नाव लिहायचं, पुकारेपर्यंत थांबायचं, आणि आत गेल्यावर अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मिळाली तर तिथे बसायचं. मोठमोठे लोक मुकाट बसतात. आपल्या जुन्या खानावळींतही लाकडी बाकावर खांद्याला खांदा लावून जेवण व्हायचं, 'फॅमिली सेक्शन'चे पडदे नंतर आले. दोन-तीन टेबलं दोघांची करून घ्या, आणि एकट्या-दुकट्याला विचारा, 'मामा, ह्यांच्या शेजारी बसता काय?' बहुतेक जण हो म्हणतात. बाई एकटी असेल, लेकरू पाजायचं असेल, तिथे विचारूही नका.

एवढं सगळं करूनही रांग उरली, तर वेळ ठरवा. कधी, किती आणि कशी, ते सांगते.

फक्त रविवारी, फक्त साडेबारा ते तीन. सणासुदीला आणि डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा गावातली हॉटेलं तुडुंब असतात, तेवढे दिवस यात धरा. एक तास द्या, पंचेचाळीस मिनिटं नकोत. आणि तो तास माणूस बसल्यापासून मोजायचा नाही, ताट समोर आल्यापासून मोजायचा. तुमच्या उशिराचा दंड त्याने का भरावा? घड्याळ असं लावलं की घाई आपोआप भटारखान्याला होते. लंडनसारख्या ठिकाणी हे नवं नाही; तिथली बरीच रेस्टॉरंटं दोघांना दीड तास, मोठ्या घोळक्याला दोन तास, असं बुकिंग घेतानाच कळवतात. जपानात दारूच्या गुत्त्यांवजा हॉटेलांत दोन तासांची मर्यादा आणि त्याआधी 'शेवटची ऑर्डर' विचारायची पद्धत आहे. मुंबईतली काही महागडी ठिकाणं रात्रीच्या दोन पाळ्या लावतात. या सगळ्यांकडे एक गोष्ट सारखी आहे: माणूस घरातनं निघायच्या आधी त्याला माहीत असतं. तुमच्याकडे बुकिंग नाही, तेव्हा तुमची दाराची पायरी म्हणजे ती जागा. नाव वहीत लिहिण्याआधी सांगायचं: "आज गर्दी आहे. ताट आल्यापासनं तासाभरात टेबल सोडायला जमंल काय? निवांत बसायचं असेल तर तीननंतर या, टेबल राखून ठेवतो." हा दुसरा पर्याय तोंडदेखला नको. तीननंतर आला तर त्याला खरंच निवांत बसू द्या.

पाटी नको म्हणते त्याची दोन कारणं. पाटी सगळ्यांना सारखीच ओरडते. आजारी माणसासोबत आलेल्यालाही आणि वाढदिवस करायला आलेल्या घोळक्यालाही. इराण्यांच्या हॉटेलांतल्या आणि पुण्यातल्या पाट्या वाचायला मजा येते, कारण आपण तिथे पाहुणे असतो. रोज जेवणाऱ्याला विचारा. दुसरं कारण खास आपल्या गावचं. दुकानांच्या नामफलकावर साठ टक्के कन्नड हवं हा २०२४ चा कायदा तुम्हाला पाठ असेल. आतली सूचना म्हणजे नामफलक नव्हे, तरी तुम्ही ती मराठीत लावलीत तर एक जण फोटो काढणार, कन्नडमध्ये लावलीत तर दुसरा. तुम्ही पाटी वेळेची लावाल आणि भांडण भाषेचं होईल. तोंडाने बोललं की हा प्रश्नच उरत नाही. समोरचा ज्या भाषेत 'किती वेळ लागेल' विचारतो, त्या भाषेत तुम्ही रोज उत्तर देताच की. कोकणीतही देत असाल.

सांगायचं मालकाने. वेटरवर हे काम टाकायचं नाही, कारण त्याचं कुणी ऐकत नाही आणि ऐकलं तरी शिव्या त्यालाच बसतात. आणि एकदा नियम केला की तो सगळ्यांना. इथे जरा कठोर बोलते, राग मानू नका. हॉटेलात 'उठा' म्हणायची वेळ आली की आपली नजर आपोआप कुणाकडे जाते ते बघा. धोतर-टोपीवाल्याकडे, पिशव्या भरून बसलेल्या बाईकडे, दोनच थाळ्या चौघांत वाटून खाणाऱ्याकडे. दारात मोठी गाडी लावून आलेला नगरसेवकाचा पाहुणा दीड तास बसला तरी त्याला बडीशेप दुसऱ्यांदा जाते. घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणाला अडवता येणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. टेबलाच्या वेळेबद्दल वेगळा कायदा नाही. दारात सांगितलेली, सगळ्यांना सारखी लावलेली अट घालायला तुम्ही मोकळे आहात. पण ती माणूस बघून लावली तर प्रकरण वेगळं होतं, कायद्यानेही आणि गावातही.

मग दवाखान्याच्या लोकांचं काय? चंदगडकडनं, सिंधुदुर्गातनं, गोव्यातनं माणूस इथे ॲडमिट असतं, आणि नातेवाइकांना भेटीची वेळ होईपर्यंत जायला जागा नसते. ते तुमच्याकडे जेवायला कमी आणि बसायला जास्त येतात. त्यांनाही तासाची अट दारात सांगा, लपवू नका, पण बाहेर वळचणीला एक लांब बाक, पंखा आणि प्यायच्या पाण्याचा पिंप ठेवा, की जेवण झाल्यावर उठून तिथे बसता येईल. म्हाताऱ्या माणसाला चावायला वेळ लागतो, लेकराला भरवायला लागतो. ते जेवतच असतात, रेंगाळत नसतात. तास उलटला तरी ज्याच्या ताटात घास आहे त्याच्या टेबलाकडे बघायचं नाही, एवढं पाळलंत तर आप्पांची निम्मी हरकत मिटते.

तास झाला, हात धुतले, तरी मंडळी बसलीच, तर? जवळ जाऊन एकदा सांगायचं, हळू आवाजात, बाकीच्या टेबलांना ऐकू न जाता. नाही उठले तर सोडून द्यायचं. रविवारी असं एखादंच टेबल असेल, त्यावरून धंदा बुडत नाही. पंखा बंद करणं, दिवा मालवणं, शेजारची खुर्ची आवाज करत ओढणं, हे धंदे करू नका. आणि ते ओलं फडकं! माणसं बसलेली असताना पोरगं येतं, एक शब्द न बोलता टेबलाच्या कडेने फडकं फिरवतं, पाण्याचा ओघळ बरोबर मांडीवर येतो. ज्याने ही युक्ती काढली त्याला वाटत असेल आपण काही बोललोच नाही. त्यापेक्षा तोंडावर 'उठा' म्हटलेलं परवडतं.

जास्त बसण्याचे जादा पैसे लावायचा सल्लाही कुणीतरी देईलच. ऐकू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने बिलात सेवा शुल्क आपोआप घालायचं नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने पण नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वं उचलून धरली. 'बैठक शुल्क' नाव दिलंत म्हणून वाद टळेल असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावेल आणि तुमचा रविवार त्यातच जाईल.

कॉलेजच्या पोरांचा प्रश्न तुम्ही याच पत्रात जोडलात, पण तो वेगळा आहे. संध्याकाळी पाच ते सात तुमची टेबलं रिकामीच असतात ना? मग त्या खुर्चीवर पोरगा बसला काय, न बसला काय, तुमचं नुकसान कसलं? उलट रस्त्यावरनं जाणाऱ्याला हॉटेल भरलेलं दिसतं. साडेसातला जेवणाची गिऱ्हाइकं यायला लागतात, तेव्हा सातलाच सांगा, 'पोरांनो, आता जेवणाची वेळ होते.' उठतात. पोरं उद्धट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. चार्जिंगचा प्लग गल्ल्याजवळ एकच ठेवा, उभं राहून लावता येईल असा. अगदीच सहन होत नसेल तर बाहेरच्या बाजूला उभ्याने चहा घ्यायची फळी मारा. बेंगळुरूत १९८० च्या दशकात दर्शिनी हॉटेलं निघाली ती याच विचाराने, खुर्चीच नाही तर रेंगाळायचा प्रश्नही नाही. इडली, वडा, कॉफी, उभ्याने, दहा मिनिटांत. चहा-नाश्त्याला ते झकास चालतं. थाळीला चालत नाही, म्हणून सगळं हॉटेल तसं करायच्या फंदात पडू नका.

राहिले आप्पा.

आप्पा म्हणतात ताटावरनं माणूस उठवायचा नाही. त्यांना म्हणावं, बरोबर आहे, ताटावरनं उठवायचाच नाही. पण हात धुतलेला माणूस ताटावर नसतो. लग्नाच्या जेवणात काय होतं ते त्यांना माहीत आहे. पहिली पंगत शेवटच्या भातावर असते तेव्हाच दुसऱ्या पंगतीची माणसं खुर्च्यांच्या मागे येऊन उभी राहतात, एकाचा हात तर खुर्चीच्या पाठीवरच असतो, आणि यजमान तरीही मधून फिरत 'सावकाश होऊ द्या' म्हणत असतो. तो खोटं बोलत नसतो. जेवणाऱ्यालाही माहीत असतं की मागे माणसं उभी आहेत, आणि तो आपणहून उठतो. यजमानाने दोन्ही पंगतींचा मान राखला म्हणून हे जमतं. तुमच्या हॉटेलात सध्या एकाच पंगतीचा मान राखला जातोय. उन्हात पोर घेऊन उभी असलेली बाईसुद्धा आप्पांचीच पाहुणी आहे, ती अजून आत आलेली नाही एवढंच.

आणि एक तिसरी पंगत आहे, जिच्याबद्दल तुम्ही दोघंही बोललेला नाहीत. वाढपी पोरं आणि आतल्या बायका. सकाळी आठला आलेला पोरगा शेवटचं टेबल उठल्याशिवाय जेवायला बसत नाही. कुणी पावणेचारपर्यंत पान चघळत बसलं की तो भिंतीला टेकून उभा, दुसऱ्यांच्या उष्ट्या ताटांकडे बघत. आप्पांचं मन मोठं आहे हे तुमच्या पत्रातनं दिसतं. त्यांना हे दाखवलंत तर मला वाटतं आकड्यांपेक्षा लवकर पटेल. पोरांना अकराला पोटभर जेवू घालूनच दुपारचं हॉटेल उघडा, हे तर नियम-बियम काही न करता उद्यापासून करता येईल.

आप्पा गल्ल्यावर बसणार नाही म्हणाले ना? मग रविवारी नकाच बसवू. गल्ला तुम्ही सांभाळा आणि त्यांना दारात खुर्ची द्या, हातात नावं लिहायची वही. गावातला निम्मा माणूस त्यांना ओळखतो. तासाची अट तुम्ही सांगितलीत तर ती मालकाची घाई वाटेल, ते सांगतील तेव्हा गिऱ्हाईक उलट त्यांनाच विचारेल, 'आप्पा, तुम्ही जेवलात काय?' कुणाला आत सोडायचं, कुणाला जरा थांबवायचं, कोण किती वेळ बसेल, याचा अंदाज तुमच्या वहीपेक्षा त्यांना चांगला असणार. पहिले दोन-तीन रविवार त्यांना अट घालायलाच लावू नका, नुसती नावं लिहू द्या. रांगेतल्या माणसांशी तास-दीड तास बोलल्यावर ते स्वतःच काहीतरी काढतील, आणि ते माझ्या सल्ल्यापेक्षा तुमच्या हॉटेलाला जास्त लागू पडेल.

दारावर कापडी छत मात्र लगेच बांधून घ्या, उन्हाळ्याची वाट बघू नका. रांगेत ताक फिरवायचं असेल तर फुकट फिरवा, बिलात लावू नका. आणि रांगेतल्यांची ऑर्डर उभ्या उभ्याच लिहून घ्या. आत येऊन बसले की ताट पाच मिनिटांत पुढ्यात आलं पाहिजे.